तापीकाठचे सर्फर

खानदेशाला समुद्र नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. मे महिन्यात भुसावळ स्टेशनावर उतरलं की आपोआप समजतं. पारा ४५ च्या वर असतो, नळाच्या पाण्यात चहाची पूड टाकली तर चालेल अशी परिस्थिती असते, आणि वारा सुटला की माणसं खूश होण्याऐवजी तोंडावर उपरणं ओढून घेतात.

आमची तापी मात्र नेमाने समुद्रावर जाते. मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला मिळते. दर पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की लोक गाड्या काढून ते पाणी बघायला जातात, मक्याचं कणीस खातात, नदीला समुद्राकडे रवाना करतात आणि घरी येऊन शेवभाजीवर ताव मारतात. आमचा समुद्राशी संबंध एवढाच. धुळेकरांचा दावा जरा पुढचा आहे. सुरत–नागपूर महामार्ग त्यांच्या दारावरून जातो, त्यामुळे ‘आम्ही सकाळी निघालो की दुपारी समुद्रावर’ असं ते जळगावकरांना ऐकवत असतात. तो समुद्र म्हणजे डुमसचा. काळी वाळू, खंबातच्या आखाताचं गढूळ पाणी, ओहोटी असेल तर पाणी शोधत चालत जायचं, आणि खरं तर लोक तिथे टोमॅटोची भजी खायला जातात.

अशा मुलखात हल्ली एक नवाच प्रश्न निघाला आहे. सुट्टीत सर्फिंगचा कॅम्प करायचा, की नुसता एखादा लेसन घ्यायचा?

हा प्रश्न नेहमी पुण्याहून येतो. घरटी एक पोरगं किंवा पोरगी हिंजवडीला असतेच. ते शनिवार-रविवारी घरी येतं, गच्चीवर गाद्या पडलेल्या असतात, उकाड्याने कुणालाच झोप येत नसते, आणि अशा वेळी ते जाहीर करतं की या वर्षी आपण सर्फिंग करणार. पूर्वी अशा घोषणेनंतर ‘परीक्षा कधी आहे तुझी?’ असं विचारून विषय मिटवता यायचा. आता पगार त्याचा असतो.

लेसन म्हणजे दीड-दोन तासांचं काम. गोव्यात आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर त्याच्या शाळा आहेत. ते फळी देतात, अंगाला चिकटणारा बनियन देतात, एक शिक्षक देतात. आधी वाळूवर शिकवतात, मग कमरेएवढ्या पाण्यात नेतात, लाट आली की मागून फळीला ढकलतात आणि तुमच्या नशिबावर सोडतात. कॅम्प म्हणजे मुक्कामच. चार दिवस, आठवडा, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, पहाटे समुद्रात जायचं, दुपारी आपण कसकसे पडलो त्याची चित्रफीत सगळ्यांसोबत बघायची, आणि संध्याकाळी पुन्हा पडायला जायचं. मधल्या वेळात योगासनं.

आमचे नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले, तेही हिशेबाच्या खात्यातून. त्यांनी गादीवर उठून बसत मुद्द्याचा प्रश्न विचारला, “दोन तासांत माणूस उभा किती वेळ राहतो?”

घोषणा करणारा हिंजवडीचा भाचा प्रामाणिक. म्हणाला, “पहिल्या दिवशी सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद.”

“आणि पैसे?”

“अडीच हजार धरा.”

नानांनी अंधारातच भागाकार केला. “पंधरा सेकंद धरले तरी सेकंदाला एकशे सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे. एवढ्यात तर मी इथे गच्चीवर उभा राहतो.”

धुळ्याचे दाजी मुक्कामाला आले होते. त्यांनी कुशीवर वळून अहिराणीत निकाल दिला, “पानीमा पडाले पैसा कसाले देवाना भो?”

या प्रश्नाला सर्फिंगच्या कुठल्याही शाळेकडे उत्तर नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण दाजींच्या बोलण्यामागे खानदेशाचा एक जुना अभिमान आहे. इथल्या साठीच्या पुढच्या माणसाने पोहणं विहिरीत शिकलेलं असतं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, डब्याचं झाकण डांबर लावून बंद केलेलं, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काकाच्या हातात. काका काठावर बिडी ओढत बसायचा आणि सूचना न देता ढकलून द्यायचा. खाली किती पाणी आहे हे कुणालाच माहीत नसायचं, कारण बुडून तळ बघून आलेल्या माणसाची मुलाखत घ्यायची सोय नव्हती. डब्याचा पत्रा खांद्याला घासून सोललं जायचं. आठवडाभराने काका डबा सोडून घ्यायचा, आपल्याला न सांगता. शिकवणीची फी शून्य. अशा माणसाला कमरेएवढ्या पाण्यात, पायाला दोरी बांधून, मऊ फळीवर निजवून वर त्याचे अडीच हजार मागितले की त्याला तो अपमान वाटतो. समुद्राचं पाणी विहिरीसारखं एका जागी थांबत नाही, एवढी एकच गोष्ट दाजी विसरत होते. ती समुद्राने पुढे त्यांना सांगितली.

ठरलं काय, तर सगळ्यांनी गोव्याला जायचं आणि ज्याला हौस त्याने लेसन घ्यायचा. आमच्याकडे ‘ज्याला हौस त्याने’ याचा अर्थ एकाने करायचं आणि बाकीच्यांनी बघायला उभं राहायचं. सुट्टीला एकट्याने जाणं ही गोष्ट खानदेशात अजून रुळलेली नाही. एकटा माणूस बॅग घेऊन निघाला की शेजारी हळू आवाजात ‘सगळं ठीक आहे ना घरी?’ असं विचारतात. त्यामुळे टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या डिकीत कळण्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बट्ट्यांचा डबा, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि हे सगळं नाहीच चाललं तर म्हणून पुन्हा शेवेचं पाकीट.

सर्फिंगचा लेसन कुणी बघायला जाऊ नये असं माझं मत आहे, पण गेलातच तर खानदेशी कुटुंबाचा बघा. भाच्याबरोबर दाजीही उतरले, ‘बघू तरी काय शिकवतो’ म्हणून. शिक्षक वीस-बावीस वर्षांचा, उन्हाने केस तांबूस झालेला पोरगा. त्याला आधी कुठला पाय पुढे राहणार ते ठरवायचं असतं. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला ते ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला ‘गूफी’. त्याची युक्ती अशी की माणसाला डोळे मिटून उभं करायचं आणि मागून हळूच ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा. भाचा लगेच रेग्युलर निघाला. दाजींना ढकललं, ते हलले नाहीत. जरा जोरात ढकललं, तरी नाही. धुळ्याच्या स्टँडवर चाळीस वर्षं शिरपूरच्या गाडीत चढलेला माणूस मागून धक्का आला म्हणून पाय पुढे टाकत नसतो, तो कोपर मागे करतो. शिक्षकाने बरगडी चोळत त्यांना गूफी ठरवलं.

मग वाळूवरचा अभ्यास. पालथं पडायचं, दोन्ही हातांनी पाणी मागे सारल्यासारखं करायचं, तळवे छातीशी टेकायचे, छाती वर, आणि एका झटक्यात पाय आत घेऊन उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. मेहरूणच्या तलावावर रोज सकाळी फिरायला जाणारे नाना काठावरून म्हणाले, “हे तर भुजंगासन. आमचे गुरुजी फुकट शिकवतात.” भाचा वाळूवर सुरेख उभा राहत होता. वाळूवर सगळेच उभे राहतात.

पाण्यात जाण्याआधी शिक्षकाने अंगठ्या, साखळ्या, कडी काढायला सांगितलं. बोट अडकतं, सुजतं, आणि गेलं तर समुद्र परत देत नाही. खरं तर उतरणारे दोघंच होते, पण सूचना कानावर पडताच मामीने, आत्याने आणि वहिनीनेही पाय भिजवण्यापुरती खबरदारी म्हणून आपापला ऐवज उतरवला. जळगावला लोक सुवर्णनगरी म्हणतात ते उगाच नाही. सगळं एका रुमालात बांधून नानांच्या हाती दिलं. त्यानंतरचा सगळा वेळ नाना किनाऱ्यावर दोन्ही हात पोटाशी धरून उभे होते आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याकडे संशयाने बघत होते. त्यांनी समुद्र पाहिला असं मला वाटत नाही.

लाटेवर उभं राहताना पायाकडे बघितलं की माणूस पडतो, हा या विद्येतला पहिला नियम आहे. नजर किनाऱ्यावर हवी. पण किनाऱ्यावर आत्या होती, मामी होती, वहिनी होती, दोन चुलत भाऊ मोबाइल आडवा धरून होते. भाचा खरोखर उठला, गुडघे वाकवले, नियमाप्रमाणे किनाऱ्याकडे बघितलं. तिथून सगळ्यांनी हात केला. आता मोठ्या माणसांनी हात केला आणि आपण केला नाही तर रात्री जेवताना ऐकून घ्यावं लागतं. त्याने हात वर केला आणि फळी एकीकडे, तो दुसरीकडे. हे त्या दोन तासांत पुन्हा पुन्हा झालं. शिक्षक ओरडत होता “अप, अप!” आणि किनाऱ्यावरून “उठ रे भो, उठ!” असा कोरस होता. दाजी एकदाही उठले नाहीत. ते फळीवर पालथे पडून थेट वाळूपर्यंत आले, उतरले, फळी काखेत मारली आणि म्हणाले, “हे जमलं आपल्याला.” शिक्षकाने त्यांना हात मिळवला. त्यालाही घरी जायचं होतं.

लेसनची गंमत ही अशी आहे आणि मर्यादाही हीच आहे. दोन तासांत सगळ्या घराची करमणूक होते, वर्षभर पुरेल असा व्हिडिओ तयार होतो, शिकणाऱ्याला मात्र एवढंच कळतं की आपल्याला हे येत नाही. शिवाय समुद्राला तुमची वेळ माहीत नसते. लाट तयार होते ती लांबवरच्या वाऱ्याने. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते. म्हणजे भरती-ओहोटी बदलली, तळाची वाळू थोडी सरकली की फुटण्याची जागाही सरकली. पावसाळ्यात अरबी समुद्र असा खवळलेला असतो की नवख्याने पाय टाकू नये, आणि हिवाळ्यात एखाद्या सकाळी असा निवांत पडलेला असतो की फळीवर झोप लागावी. दहा ते बारा बुकिंग केलंय म्हणून दहा ते बारा लाटा येतील असं कुणी लिहून देत नाही. महावितरणच्या थ्री फेजसाठी रात्र रात्र जागणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

अगाथा ख्रिस्तीबाईंचं उदाहरण इथे कामाला येईल. खून आणि पोलिस तपास लिहिणाऱ्या याच बाई १९२२ मध्ये नवऱ्याबरोबर जगप्रवासाला निघाल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत म्यूझेनबर्गच्या किनाऱ्यावर त्यांनी फळीवर पालथं पडून लाटा घेतल्या. उभं राहणं जमलं ते पुढे होनोलुलूला, वायकिकीच्या किनाऱ्यावर, मुक्काम ठोकून रोज पाण्यात उतरल्यावर. पाय प्रवाळाने कापले, रेशमी पोहण्याचा पोशाख लाटांनी फाडला, दुसरा घ्यावा लागला. पालथं पडणं लगेच येतं, उभं राहायला मुक्काम करावा लागतो. दाजींचा म्यूझेनबर्गपर्यंतचा प्रवास एका सकाळी पूर्ण झाला, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या खेपेला भाच्याने कॅम्पचा हट्ट धरला आणि ठिकाण निवडलं मुल्की. मंगळुरूच्या उत्तरेला, शांभवी नदीच्या मुखाशी. तिथे अडचण येणार ती आजीची, असं सगळ्यांना वाटत होतं. आजी मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी गेलेली बाई. पण मुल्कीची हकिगत अशी आहे की भारतात सर्फिंगची जी पहिली नावाजलेली जागा झाली तो एक वैष्णव आश्रम होता. जॅक हेबनर नावाचे अमेरिकन गृहस्थ, संन्यास घेतलेले, स्वतः फळीवर उभे राहणारे. लोक त्यांना ‘सर्फिंग स्वामी’ म्हणत. २००४ मध्ये त्यांच्या आश्रमातून मंत्र सर्फ क्लब निघाला. जेवण शाकाहारी, नशापाणी बंद. भाच्याने एवढंच आजीला वाचून दाखवलं. फळीचं काही बोललाच नाही.

आजी म्हणाली, “कांदा-लसूण?”

“माहीत नाही आजी.”

“नसला तर अजून चांगलं. जाऊ दे पोराला.”

गोव्याला निघताना ‘दारूच्या दुकानांसमोरून नजर खाली घालून चाल’ असं सांगणाऱ्या आजीने सर्फिंगला असा आशीर्वाद दिला. याच किनाऱ्यावर ससिहित्लूला २०१६ मध्ये इंडियन ओपन ही सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा झाली. म्हणजे आपल्याकडे हा खेळ अगदीच पोरखेळ राहिलेला नाही. ऑलिंपिकमध्येही तो टोकियोपासून आहे. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकचं सर्फिंग तर ताहितीला झालं, पॅरिसपासून १५ हजार किलोमीटरच्याही पलीकडे. जळगाव निदान तेवढं लांब नाही.

कॅम्पहून भाचा परत आला तो खांदे धरून. पण त्याने सांगितलेली हकिगत ऐकून माझं मत बदललं. पहिल्या दिवशी तो पडला. दुसऱ्या दिवशी समुद्र सपाट होता, नुसतं वल्हवत बसले. तिसऱ्या दिवशी खांदे उचलेनात. चौथ्या दिवशी उठला आणि वाळूपर्यंत उभा आला, आणि त्या वेळी किनाऱ्यावर त्याला ओळखणारं कुणीही नव्हतं. हात करायला कुणी नव्हतं म्हणूनच तो उभा राहू शकला, असा माझा ठाम निष्कर्ष आहे. त्याला तो मान्य नाही. त्याच्या मते ते गुडघे वाकवल्यामुळे झालं.

पहाटेच्या शिट्टीची त्याने जरा तक्रार केली तेव्हा नाना खूश झाले. कॉलेजात असताना नाना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला गेले होते, एरंडोल तालुक्यात. पाचला शिट्टी, प्रार्थना, घमेलं-फावडं, बंधारा. “आम्हाला पाचला उठवायचे पैसे कुणी मागितले नव्हते,” ते म्हणाले. आठवडाभर जमिनीवर झोपून, गाळ उपसून, खरूज घेऊन परत आलेले नाना त्या शिबिराबद्दल आजही बोलतात, आणि गोव्यातल्या तीन तारांकित हॉटेलबद्दल एक शब्द बोलत नाहीत.

कॅम्पमधली एक गोष्ट मात्र आमच्या रावेरच्या मामांना अजून सहन झालेली नाही. भाच्याने नाश्त्याचा फोटो दाखवला. नारळाच्या करवंटीत काहीतरी घट्ट, त्यावर बिया पेरलेल्या, आणि वर केळ्याच्या पातळ चकत्या गोल मांडलेल्या. मामांनी चष्मा वर करून चकत्या मोजल्या. नऊ.

“किती रुपये?”

भाच्याने आकडा सांगितला.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या शेतातला एकेक घड वीस-बावीस किलोचा असतो. व्यापारी येतो, बोर्डाचा भाव सांगतो आणि त्याहून कमी देतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मामांनी पेढे वाटले होते. त्यांनी फोटो पुन्हा बघितला आणि विचारलं, “त्या लोकांना सांगितलंस का, आमच्याकडे केळी शे म्हणून?” सर्फिंग या विषयावर मामांचं एवढंच म्हणणं आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तर कुणी काय करावं? घरचे सगळे बरोबर असतील, सुट्टी तीन-चार दिवसांची असेल आणि संध्याकाळी हसायला काहीतरी हवं असेल, तर गोव्यात लेसन घ्या. पण एक नको, लागोपाठच्या दोन सकाळचे घ्या. पहिली सकाळ घरच्यांना दाखवायला आणि दुसरी ते झोपलेले असताना. दागिने हॉटेलात ठेवा, नानांना पाण्यात उतरू द्या. फळी आपल्या आणि लाटेच्या मध्ये कधी धरू नका, पडताना डोक्याभोवती हात घ्या, आणि लाल झेंडा लावलेला असेल तर विहिरीत शिकल्याचा अभिमान पिशवीत ठेवा. खरोखर उभं राहायचं असेल, तर कॅम्पच करा, एकट्याने करा आणि तिथला पत्ता आत्याला देऊ नका.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, पण त्याच वेळी वादळ येऊन केळीच्या बागा आडव्या करतं, तेव्हा केळीवाल्याने घर सोडायचं नसतं. पावसाळा बाद. डिसेंबर-जानेवारीत भरताची वांगी आलेली असतात. त्या दिवसांत खानदेश सोडून जाणाऱ्याला माझ्याकडून सहानुभूती मिळणार नाही. उरते ती दिवाळीची सुट्टी. केळीच्या कांदेबागेची लावणी आटोपलेली असते, समुद्र शांत झालेला असतो, लाटा नवख्याला झेपतील एवढ्याच असतात. मुल्कीला जायचं तर भुसावळहून मंगला एक्स्प्रेस गाडी न बदलता मंगळुरूपर्यंत नेते. गोव्यासाठी गोवा एक्स्प्रेस आहेच. धुळेकरांनी आधी मनमाडला यायचं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं पहिल्या काही मिनिटांत संपतं, तेव्हा कॅम्प की लेसन हा वाद गणपतीच्या आधी मिटवा.